न चढता केलेली सही

लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी साहेबाला लोकांनी 'चिंधीसाहेब' म्हणावं हे ऐकायला जरा हलकं वाटतं, पण त्या नावामागे तीस वर्षांची कमाई होती. बाकीचे तपासनीस बॅगेत मोजपट्ट्या, मीटर, टॉर्च असा लवाजमा घेऊन यायचे. साहेबांकडेही तो होताच. खरा भरवसा मात्र खिशातल्या सुती चिंधीवर. इमारतीच्या माथ्यावर मोटरच्या खोलीत चढायचं, वीज बंद करायची, कुणाला तरी मोटरचं चाक हाताने सावकाश फिरवायला लावायचं, आणि लिफ्ट ज्या लोखंडी दोरांवर लोंबते त्यातला एकेक दोर चिंधीतून सरकू द्यायचा. दोर धड असला तर चिंधी गुळगुळीत पळते. आतली बारीक तार तुटली असेल तर तिचं टोक वर येतं आणि चिंधी तिथे अडकते. डोळ्याला जे दिसत नाही ते चिंधी सांगते, असं साहेब म्हणत, आणि त्यांच्या ऑफिसातले लोक पाठीमागे हसत.

त्यांचा दुसरा एक नेम होता. तपासणी झाली, सही झाली, की त्याच लिफ्टमध्ये एकट्याने उभं राहून माथ्यावरून तळमजल्यावर यायचं. बरोबर कुणी नको. 'ज्या दोरावर चारचौघांना टांगायचं, त्यावर आधी आपण लटकून बघावं,' हे त्यांचं वाक्य नवीन लागलेल्या प्रत्येक तपासनिसाने किमान दहादा ऐकलेलं असे. गुडघे कुरकुरायला लागले तरी हा नेम चुकला नाही. म्हणजे एकदाच चुकला, आणि ही गोष्ट त्या एकदाचीच आहे.

साहेबांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत, कारण तिने तीसएक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. साहेबही तिला चिडवायला बाईच म्हणायचे. शाळा सुटली तरी बाईंचं शिकवणं काही सुटलं नव्हतं. सकाळच्या चहाला कापडी पाठीचा जाडजूड शब्दकोश टेबलावर यायचा आणि साहेबांना एक जोडी मिळायची: दिसायला सारखे, एखाद्या अक्षराने वेगळे असे दोन इंग्रजी शब्द. अर्थ कोणता, मूळ कुठलं, एका रक्ताचे की नुसते तोंडवळ्याने सारखे. साहेब ती जोडी आपल्या तपासणी-वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला उतरवून घेत.

एकदा 'स्टेशनरी' आला होता. एका स्पेलिंगचा अर्थ जागचा न हलणारा, दुसऱ्याचा अर्थ कागद, पेनं, लखोटे. बाई म्हणाल्या होत्या, "हे दोघे सख्खे निघाले बरं का. पूर्वी बाकीचे विक्रेते गावोगाव हिंडायचे, पण पुस्तकं-कागद विकणारा एका जागी ठाण मांडून बसायचा. म्हणून तो स्टेशनर, आणि त्याचा माल स्टेशनरी."

"आमचा हेडक्लार्क दोन्ही आहे," साहेब म्हणाले होते. "जागचा हलत नाही आणि कागद सोडत नाही." त्यावर बाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

त्या मंगळवारी साहेबांच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. बाईंनी चष्मा लावला, कोश उघडला.

"आजची जोडी जरा कडू आहे," त्या म्हणाल्या. "व्हीनल आणि व्हीनियल. लिहिताना फक्त एका आयचा फरक. व्हीनल म्हणजे विकाऊ. आपलं कर्तव्यच विकायला काढणारा माणूस. व्हीनियल म्हणजे क्षम्य. पोटात घालता येईल अशी चूक."

"सख्खे?"

"छे! दूरचेही नाहीत. पहिल्याचं लॅटिन मूळ विक्रीचं. संस्कृतात 'वस्न' म्हणजे किंमत, तो याच्या भाऊबंदांतला. दुसऱ्याचं मूळ क्षमा, कृपा. आणि गंमत म्हणजे ते ज्या धातूच्या कुळातलं, त्याच कुळातली आपली 'वनिता'. हवीहवीशी वाटणारी, ती. म्हणजे बघा, एक बाजारातून आला आणि दुसरा मायेतून. तोंडवळा तेवढा सारखा."

साहेबांनी पुठ्ठ्यावर 'विकाऊ' लिहिलं. दुसऱ्या शब्दापुढे पेन टेकवलं, पण अर्थ लिहायचा तसाच राहिला.

"आणि हो," कोश मिटता मिटता बाई म्हणाल्या, "माझ्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना हलवलाय. त्या घड्याळांच्या दुकानावरची सात मजली इमारत नाही का? तिथे, पाचव्या मजल्यावर. आज साडेअकराला बोलावलंय."

साहेबांनी कप ठेवला तो बशीवर न बसता टेबलावर बसला.

"आज नको जाऊस."

"का?"

"तिथे गर्दी असते."

"डॉक्टरकडे गर्दी नसली तर मला काळजी वाटेल," बाई म्हणाल्या. "असं काय करताय?"

"नाही, म्हणजे... जिन्याने..."

"पाच मजले? अहो, माझ्या काळजाचं ऑपरेशन झालंय. हिला जिना चढायचा नाही, हिला जिना चढायचा नाही, असं तुम्हीच सगळ्या गल्लीला सांगत फिरता. लिफ्ट आहे की तिथे. आणि तुमचीच सही असेल आत. मी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले ना, की आधी चौकटीतला तो कागद बघते. तुमची सही दिसली की बरं वाटतं."

चिंधी खिशात आहे ना, हे साहेबांनी चाचपून पाहिलं आणि ते ऑफिसला निघाले.

आता मागचं सांगायला हवं. अकरा महिन्यांपूर्वी बाईंच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत ऑपरेशन झालंच पाहिजे. हॉस्पिटल म्हणालं, सहा आठवडे पलंग रिकामा नाही. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. नेमकी त्याच आठवड्यात त्या सात मजली इमारतीच्या लिफ्टची वार्षिक तपासणी आली. इमारतीच्या मालकाने साहेबांचा चेहरा पाहिला, काय झालं विचारलं, आणि ऐकून घेऊन तिथल्या तिथे एक फोन लावला. त्याचा मेव्हणा त्या हॉस्पिटलच्या कारभारात होता. चौथ्या दिवशीची तारीख मिळाली.

मालकाने बदल्यात काहीच मागितलं नाही. इथेच तर खरी मेख होती. मागितलं असतं तर साहेबांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं, इतकी वर्षं काढतच आले होते. तो फक्त म्हणाला, "साहेब, आज कशाला वर चढता? चहा घ्या आणि बाईंकडे जा. लिफ्ट लोण्यासारखी चालतेय." साहेबांनी तळमजल्यावरच्या केबिनमध्ये बसून अर्धा कप चहा घेतला आणि सही केली. बाहेर लिफ्टमन दार उघडून उभा होता. सगळे त्याला मामा म्हणत. साहेबांचा नेम त्याला पाठ होता. "बसता ना, साहेब?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "आज घाई आहे, मामा," आणि रस्त्यावर आले.

पहिले काही दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मग बाई घरी आल्या, चालायला लागल्या, हसायला लागल्या, आणि साहेबांनी मनाची समजूत घातली. चांगल्या कंपनीचा दोर आहे. चार दोर असतात, एकावर काही नसतं. एका वर्षाने काय होतंय? पुढच्या सोमवारी एक चक्कर मारू. असे कितीतरी पुढचे सोमवार आले आणि गेले. त्या रस्त्याने जायची वेळ आली की साहेब समोरच्या फुटपाथवरून जात. दुसऱ्यांच्या लिफ्टवर डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस या एका इमारतीकडे मान वर करून पाहत नव्हता. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या वागण्यात ते समोरच्या फुटपाथवरून जाणंच जास्त वाईट होतं. चुकीची सही घाबऱ्या नवऱ्याने केली होती, पण फुटपाथ रोज शांत डोक्याने बदलला जात होता.

ऑफिसात त्यांनी दहा वाजेपर्यंत तीच फाइल तीनदा उघडली. साडेअकराच्या आत तिथे पोचायचं, गुपचूप वर चढायचं, सगळं ठीक असेल, आणि कुणाला ताकास तूर लागणार नाही, असा त्यांचा बेत होता. पण साडेदहाला बाहेर पडायच्या आधी राहवेना म्हणून त्यांनी बाईंना फोन केला.

"अहो, मी निघालेसुद्धा," बाईंचा आवाज आला, मागे हॉर्न वाजत होते. "त्यांनी लवकर बोलावलं. टॅक्सीत आहे."

एकच वाक्य बोलायचं होतं. 'लिफ्टमध्ये बसू नकोस, मी ती तपासलेली नाही.' साहेबांनी तोंड उघडलं. समोर हेडक्लार्क बसला होता, शेजारी दोन नवे तपासनीस होते.

"सांभाळून जा," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मग ते धावत सुटले. जिन्यातच त्यांनी पुन्हा फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. बाई पर्समधला फोन नेहमी रिंग थांबल्यावरच शोधायच्या. टॅक्सी मिळाली, पण दोन चौक पुढे जाऊन ती गाड्यांच्या गर्दीत अडकली. साहेब उतरले आणि सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांवर पळायला लागले. लोक वाट सोडत होते, एकाने 'काका, सावकाश' म्हटलेलंही त्यांना ऐकू आलं.

मामा तळमजल्यावर स्टुलावर बसला होता. लिफ्टचं दार बंद होतं.

"बाई?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता वर गेल्या. आणखी दोघं होती. मीच बसवलं त्यांना," मामा म्हणाला. "का हो?"

दारावरच्या पट्टीत लाल आकडा दोन होता. मग तीन. साहेब त्या आकड्याखाली उभे राहिले. कान आपोआप आवाज टिपायला लागले: दोराचा सरसराट, आणि त्यात दर थोड्या वेळाने एक बारीकशी टिचकी. तीस वर्षांत त्यांनी तो आवाज कितीदा तरी ऐकला होता, आणि तो कशाचा असतो हे त्यांना नेमकं माहीत होतं. आता वीज बंद केली तर ती मध्येच अडकेल, अंधारात, तसल्या काळजाने. न केली तर... चारवर आकडा थबकला. कुणीतरी उतरलं असावं. आकडा हलेना. साहेबांनी भिंतीला हात टेकला. मग पाच आला, आणि वरून दार उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज खाली पोचला.

"मामा, लिफ्ट रिकामी खाली घे," साहेब म्हणाले. "दार बंद कर, 'लिफ्ट बंद' अशी पाटी लाव, कुणी आत पाऊल ठेवता कामा नये. आणि मग जिन्याने वर ये."

मामाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तपासणीला अजून महिना आहे."

"गेल्या वर्षीचंच चढायचं राहिलंय."

मामाने बटण दाबलं.

पाचव्या मजल्यावर दवाखान्याचं काचेचं दार होतं. आत बाई वाकून चपला काढत होत्या आणि कुणाशी तरी हसून बोलत होत्या. साहेब दाराबाहेरून तसेच पुढे चढले. माथ्यावरच्या खोलीत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. त्यांनी वीज बंद केली. मामा धापा टाकत आला, ब्रेक सैल करून चाक फिरवायला लागला, आणि साहेबांनी चिंधी पहिल्या दोराला लावली.

पहिला धड. दुसराही धड. तिसऱ्याला हातभर दोर सरकला आणि चिंधी अडकली. सोडवली तर तिचा एक धागा तारेच्या टोकाला राहिला. चार बोटं पुढे पुन्हा अडकली, मग पुन्हा. साहेब मोठ्याने मोजत होते. बारापर्यंत मोजलं आणि मग त्यांचा आवाज थांबला, पण चिंधी अडकतच राहिली. चौथा दोर तिसऱ्यापेक्षा थोडासाच बरा होता.

"आजच तुटला असता असं नाही," साहेब म्हणाले. मामाला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. "दोन धड आहेत. पण गेल्या वर्षी मी चढलो असतो, तर तेव्हाच बदलायला लावले असते."

"सहाव्या मजल्यावर शिकवणी चालते," मामा म्हणाला. "संध्याकाळी एका खेपेला आठ-आठ पोरं कोंबून येतात." एवढंच बोलून तो खाली गेला.

त्यानंतर मालक आला. त्याने दोराकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, चूक झाली माझी. उद्याच दोर बदलतो, चारही," तो म्हणाला. "लिफ्ट आजपासून बंद. तुम्ही सांगाल तितके दिवस बंद. झालं?"

"अहवाल लिहावा लागेल."

"लिहा ना. आजच्या तारखेचा लिहा. अचानक तपासणी केली, दोष सापडला. गेल्या वर्षीचं कशाला उकरता? कुणाला काही झालं नाही. तुमचे राहिलेत किती दिवस, पंधरा?"

"सतरा."

"सतरा! साहेब, बाईंच्या वेळी मी काही मागितलं होतं?"

"नाही."

"आजही मागत नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. दोर बदलले जाणार होते. पोरं सुखरूप राहणार होती. साहेबांनी वही उघडली, आजची तारीख घातली, तिसऱ्या आणि चौथ्या दोराची अवस्था लिहिली, लिफ्ट बंद केल्याचं लिहिलं. त्याखाली अर्धं पान कोरं होतं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. मालकाचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर साहेबांचाही.

बाई पाचव्या मजल्यावर बाकावर बसल्या होत्या. "बंद पडली म्हणे लिफ्ट," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी साहेबांचे तेलाने काळे झालेले हात पाहिले. "तुम्ही इथे कसे?"

"उतरायला चालतं ना तुला? सावकाश उतरू."

बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. दोघं चौथ्या मजल्यापर्यंत उतरली. तिथल्या वळणावर बाई टेकल्या, आणि साहेबांनी सांगायला सुरुवात केली. काय वाटेल ते होवो, पण हिच्यापासून लपवून घरी जाता येणार नाही एवढं त्यांना कळलं होतं. पलंगाचं सांगितलं, मालकाच्या फोनचं सांगितलं, केबिनमधल्या चहाचं सांगितलं. दोराचं, चिंधीचं, बाराच्या पुढे न मोजल्याचं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तीस वर्षं वर्गातल्या मुलांच्या कबुल्या ऐकलेल्या बाई होत्या त्या.

"माझ्यासाठी केलंत," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच."

"ते मला कळतं. मी तुमच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं." त्यांनी साहेबांच्या दंडावरचा हात जरा घट्ट केला, आणि साहेबांना वाटलं, सुटलो. मग बाई म्हणाल्या, "एक विचारू? आज मी इथे येणार नसते, तर तुम्ही वर चढला असतात?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. साहेबांनी उत्तर शोधलं, पण उत्तर शोधावं लागत नव्हतं. ते समोरच होतं.

"नाही," ते म्हणाले. "नसतो चढलो."

बाईंनी त्यांच्या दंडावरचा हात काढला आणि जिन्याचा कठडा धरला. रागाने नाही, आपला सावकाश काढला. एकतीस वर्षांच्या संसारात साहेबांना इतकं कशानेच लागलं नव्हतं.

ते तिथेच पायरीवर बसले. वही गुडघ्यावर घेतली, टोपण काढलं, आणि कोऱ्या अर्ध्या पानावर लिहिलं: 'मागील वर्षी या लिफ्टचे प्रमाणपत्र मी मोटरच्या खोलीत न चढता, दोर न तपासता, तळमजल्यावर बसून दिले.' खाली सही केली.

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी पान वाचलं. वही परत दिली नाही. "कारण लिहिलं नाहीत."

"कारण कशाला? तुझं नाव त्यात नको."

"माझा पलंग होता तो. कुणाच्या तरी आधी मला मिळाला. तेही लिहा."

साहेबांनी मान वर करून पाहिलं. बाईंचे डोळे भरले होते, पण आवाज तोच होता, गृहपाठ तपासतानाचा. साहेबांनी कारण लिहिलं. बायकोच्या ऑपरेशनसाठी मालकाने पलंग मिळवून दिला, असं सरळ लिहिलं. बाईंनी ते पुन्हा शेवटपर्यंत वाचलं, वही त्यांच्या हातात दिली, आणि कठडा धरून त्या पुढे उतरायला लागल्या. साहेब दोन पायऱ्या मागून उतरत राहिले. तळमजल्यावर मामा स्टुलावरून उठून उभा होता.

अहवाल त्याच दुपारी ऑफिसात गेला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच जागेवरून उठून आत मोठ्या साहेबांकडे नेऊन दिला. पुढे चौकशी झाली, निरोपाचा समारंभ झाला नाही, पेन्शन अडली ती बरेच महिने अडली. नवे तपासनीस त्यांच्याविषयी काय बोलायचे ते साहेबांच्या कानावर येत होतं. मात्र त्यातला एक जण तेव्हापासून खिशात सुती चिंधी ठेवायला लागला, असं म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी चहा झाला. बाईंनी कप ठेवला, साखर घातली, ढवळली. कोश कपाटातच होता. साहेब वहीचा पुठ्ठा उघडून बसले. कालची जोडी वर होती, पहिल्या शब्दापुढे 'विकाऊ' लिहिलेलं, दुसऱ्यापुढे 'क्षम्य' लिहायचं राहिलेलं.

"आज जोडी नाही?" त्यांनी विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहत चहाचा घोट घेतला.

"कालचीच अजून संपली नाही," त्या म्हणाल्या, आणि बिस्किटांची बशी त्यांच्या बाजूला सरकवली.